१५ मिनिटांत रॉल्स आणि जात: पेपर वाचू की बोलू?

कूलरसमोर
पुढच्या महिन्यात इथेच नागपुरात राजकीय तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रात माझा पेपर आहे, मराठीतून. वेळ १५ मिनिटं, पेपर २२ पानांचा. विषय: अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' (न्याय्य समाजाचे नियम ठरवताना आपण त्यात कोण असू हे कुणालाच ठाऊक नाही, असं धरायचं) आणि जात.

मागच्या वर्षी एका कॉलेजात (नाव राहू द्या) दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं यात सव्वा तास गेला. माझा नंबर जेवणानंतर. तिसऱ्या पानावर होते, तर अध्यक्षांची चिठ्ठी: '२ मिनिटे'. तोवर रॉल्स कोण आणि त्याच्या १९७१च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' पुस्तकात काय आहे, एवढंच झालेलं. मग पानं उलटत अधलंमधलं वाचत सुटले. माझा स्वतःचा मुद्दा १९व्या पानावर, तिथवर पोचलेच नाही. त्यात कूलरची घरघर. शेवटी एक गृहस्थ उठले, 'प्रश्न नाही, दोनच शब्द बोलतो' म्हणाले आणि माझ्यापेक्षा जास्त बोलले.

न वाचता बोलायला गेले की अडखळते. काय करू?

तर्रीपोहे
वाचा ना ताई, पण २२ पानं काहून वाचता? मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. मले एका पानाले अडीच मिनिटं लागतात, म्हणजे सहा पानं. रॉल्सची ओळख काढून टाका. ज्यायले माहीत आहे ते झोपतात, ज्यायले नाही त्यायले पाच मिनिटांत समजत नाही.

निवृत्त मास्तर
१९व्या पानावर काय आहे? इथेच चार ओळींत लिहा पाहू.

कूलरसमोर
सर, प्रयत्न करते. पडद्यामागे नियम ठरवणाऱ्या माणसाला स्वतःचं स्थान, वर्ग, हुशारी काही ठाऊक नसतं. समाज कसे चालतात याच्या सर्वसाधारण गोष्टी ठाऊक असतात, पण आपला समाज नेमका कोणता हे नसतं. मग जात कुठल्या खणात टाकायची? सर्वसाधारण गोष्ट धरली तर तो तिच्याविरुद्ध तरतूद करेल. एका समाजाची खास बाब म्हणून पडद्याआड ढकलली, तर ती त्याच्या डोक्यातच येणार नाही.

निवृत्त मास्तर
अहो, मग सुरुवात इथूनच करा! तीन पानांची प्रस्तावना कशाला?

आक्षेप येईल की उतरंड सगळीकडे असते, त्यात जातही आली. तिथे आंबेडकरांची 'श्रेणीबद्ध विषमता' काढा. जातीत नुसते वरचे आणि खालचे नाहीत, पायऱ्या आहेत. बहुतेकांना खाली बघायला कुणीतरी सापडतं, म्हणून तक्रार असूनही एकजूट होत नाही. विषमता न्याय्य आहे का, याचं रॉल्सचं माप सर्वांत खालच्या पायरीवर लागतं: तिथल्यांचं भलं होतं का? मधल्या पायऱ्यांवर एकमेकांबद्दल जी घृणा आहे ती त्यात कशी मोजणार? यावर कुणी जाणकार म्हणेल की आत्मसन्मान तर रॉल्सच्या 'प्राथमिक वस्तूंत', म्हणजे कुणालाही हव्याच असतात अशा गोष्टींतच आहे. बरोबर आहे त्याचं. त्याचं उत्तर घरूनच लिहून न्या, तिथे सुचत नाही.

आणि आंबेडकरांच्या संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणाने शेवट करू नका. दीक्षाभूमीच्या गावात ते सगळ्यांना पाठ आहे, निम्मे पेपर तिथेच संपतात.

झिरोमाइल
मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसलोय. चिठ्ठी सरकवणाऱ्यालाही घाम फुटलेला असतो, मागून संयोजक खुणा करत असतात. सत्र सुरू व्हायच्या आधीच जाऊन विचारा, 'सर, खरे किती मिनिटं?' 'दोन शब्द'वाल्यांना पहिल्या पूर्णविरामाला गाठायचं: 'म्हणजे तुमचा आक्षेप असा, की…' बहुतेक जण बसतात.

तर्रीपोहे
अन् पेपर अर्धा राहिला तरी मनावर घेऊ नका. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं छापील भाषण पाहून अधिवेशनच रद्द केलं. भाषण झालंच नाही. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून त्यांनी ते स्वतःच छापलं, अन् आपण अजून वाचून राहिलो.

कूलरसमोर
प्रस्तावना काढली. काल रात्री स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं, मुद्दाम कूलर लावून. १३ मिनिटं. आई म्हणाली, पायऱ्यांचं समजलं, पडद्याचं नाही. आज तो परिच्छेद पुन्हा लिहायला घेतलाय.