आज्जा तोब्रुकला पकडला गेला होता, रेड क्रॉसकडं त्याची माहिती मिळेल का?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमचा आज्जा मराठा लाइट इन्फंट्रीत होता, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत तोब्रुकला पकडला गेला आणि नंतर इटलीत कैदेत होता, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. आता जुनी ट्रंक आवरताना एक कार्ड मिळालंय, जाड कागद, छापील मजकूर परक्या भाषेत, वर लाल क्रॉसचा शिक्का आणि पेन्सिलीनं आज्जाचं नाव, स्पेलिंग भलतंच. आज्जी सांगायची, आधी 'बेपत्ता' म्हणून कागद आलेला, गावातली माणसं येऊन बसायची, हे कार्ड आलं तेव्हा कुठं तिला घास गिळाय लागला. तर रेड क्रॉसला त्याचं नाव कुठनं कळलं? ते सरकारी खातं आहे काय? आणि आज अर्ज केला तर काही हाती लागेल काय? आईचं वय झालंय, तिला बघायचंय.

माजी सुभेदार, निपाणी:
जपून ठेवा ते कार्ड, लॅमिनेशन अजिबात करू नका. तोब्रुक पडलं २१ जून १९४२ ला, आपली २/५ मराठा पलटण म्हणजे काली पांचवी तिथंच होती, तुमचे आजोबा बहुतेक त्यातलेच. १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणं पकडणाऱ्या देशानं कैद्यांची नावं कळवायची असतात आणि ती जिनिव्हातल्या रेड क्रॉसच्या कचेरीत जमा व्हायची, तिथनं दोन्हीकडच्या सरकारांना आणि घरच्यांना. सरकारी खातं नव्हे ते. १८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमी तसेच पडलेले बघून आंरी द्युनां नावाच्या स्विस व्यापाऱ्यानं हा विषय उचलला, १८६३ ला जिनिव्हात पाच जणांची कमिटी झाली, तीच आजची इंटरनॅशनल कमिटी. भारतातली सोसायटी १९२० च्या कायद्यानं झाली, ती वेगळी संस्था. जिनिव्हाच्या कमिटीची माणसं छावणीत जाऊन जेवण, पांघरूण, औषध बघायची, कैद्यांशी बोलायची. आणि पार्सलं! इंडियन कैद्यांच्या पार्सलमध्ये तांदूळ, डाळ, पीठ, करी पावडर, साखर, चहा असायचं. परमुलखात महिनोन् महिने पाव आणि पातळ सूप खाणाऱ्या आपल्या पोराला डाळभात म्हणजे काय असेल ते ज्यानं सोसलं त्यालाच कळणार.

शहापूर बेळगाव:
सुभेदारसाहेब बरोबर बोललेत पण दुसरी बाजूही लिहितो, कारण या संस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. रशियानं तो १९२९ चा करार केला नव्हता, म्हणून जर्मनीनं रशियन कैद्यांपर्यंत रेड क्रॉसला पोचूच दिलं नाही आणि ती माणसं लाखांनी मेली. जर्मनी ज्यूंची कत्तल करतंय ते कमिटीला १९४२ मध्ये कळलेलं, ऑक्टोबरात बैठक पण झाली, तरी जाहीर बोलायचं नाही असं ठरलं. बोललो तर छावण्यांची दारं बंद होतील ही भीती होती, ती खोटी नव्हती, पण ते गप्प राहणं मला आजही पटत नाही आणि पुढं कमिटीनंच ते आपलं अपयश होतं असं मान्य केलं. नंतर नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना असलं गप्प राहणं सहन झालं नाही, १९७१ ला त्यांनी आणि काही पत्रकारांनी मिळून मेदसाँ सां फ्रॉन्तियेर (सीमा न मानणारे डॉक्टर) ही संस्था काढली, उपचार करायचे आणि बघितलेलं बोलायचं पण. दोन्ही लागतात असं माझं मत आहे. तुमच्या आज्जीला कार्ड मिळालं ते न बोलणाऱ्यांमुळंच मिळालं.

चिकोडीची सून:
दादा, अर्जाचं सांगते, माझ्या माहेरी आम्ही पहिल्या महायुद्धाचं शोधलंय. इराकमधल्या कुतच्या वेढ्यात पकडलेले मराठा शिपाई होते ना, १९१६ चे, त्या काळातल्या कैद्यांची कार्डं रेड क्रॉसनं नेटवर टाकलीत, फुकट बघता येतात. लाखो कार्डं आहेत, नावांची मोडतोड इतकी की एकच पाटील चार तऱ्हेनं लिहिलेला, तेव्हा नावावर जाऊ नका, रेजिमेंटल नंबरनं जुळवा. दुसऱ्या महायुद्धाचं मात्र नेटवर नाही, जिनिव्हाच्या अर्काइव्हला अर्ज करावा लागतो, तेही ते ठरावीक काळातच आणि मोजकेच घेतात. त्याआधी बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसात नंबर, भरतीची तारीख, बापाचं नाव आणि गाव पक्कं करून घ्या. गावाचं जुनं स्पेलिंग पण द्या.

खानापूरकर:
सगळ्यांचे आभार, आईला वाचून दाखवलं. कार्ड उजेडात धरलं तर नावाखाली 'पी. जी. ९१' असं दिसतंय, हा आज्जाचा नंबर काय?

माजी सुभेदार, निपाणी:
नाही, तो छावणीचा नंबर. ९१ म्हणजे आवेझ्झानो, रोमच्या पूर्वेला डोंगरात, तिथं आपले इंडियन जवान ठेवलेले. अर्जात हे पहिल्यांदा लिहा. आणि सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्यावर बरेच कैदी पळाले, काहींना तिथल्या शेतकऱ्यांनी लपवलं, बाकीच्यांना जर्मनांनी उचलून नेलं, म्हणून नंतरच्या जर्मन छावणीची नोंदही त्याच अर्जात मागा.