मामाजींच्या खोलीतील शेगडीविषयी घरच्या ग्रुपवरील चर्चा

भाऊ: मामाजी दवाखान्यातून घरी आले, फार बरे वाटले. खोलीतल्या शेगडीच्या वायूची बाधा झाली त्या रात्रीही बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राने ९८ टक्के दाखवले होते. मग ताई अजून महिनाभर लक्ष ठेवायला का सांगते, ते मला समजले नाही.

ताई: भाऊ, त्या ९८ वर विसंबू नकोस. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि ते रक्तही लालभडक असल्यामुळे त्या यंत्राला फरक कळत नाही. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की रक्तातील हा वायू साधारण तासा-दीड तासात निम्मा होतो, साध्या हवेत चार-पाच तास लागतात. म्हणून तुम्ही तातडीने दवाखाना गाठला ते फार चांगले केले. मला धास्ती आहे ती मेंदूची.

हा वायू पेशींच्या आत, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरालाही (एन्झाइमलाही) अडवतो; इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे पोचवणारा तो शेवटचा टप्पा. पुढची वाट बंद झाली की मागून येणारे इलेक्ट्रॉन मधूनच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हे घातक रसायन बनते; रक्तातल्या प्लेटलेट या कणांमधून सुटलेले नायट्रिक ऑक्साइड त्याला मिळाले की पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी एक घातक रसायन तयार होते, ज्याने रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते. तिथे चिकटलेल्या पांढऱ्या पेशी हे ऑक्सिडीकरण आणखी वाढवतात. उघड्या बरणीतले जवसाचे तेल हवेने खवट होते ना, रसायनशास्त्राच्या दृष्टीने मेंदूतल्या चरबीचेही तसेच होते. मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणातील प्रथिन त्यात बदलते आणि मग शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यावर उलटते, हे अमेरिकेतील स्टीफन थॉम आणि सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. त्यामुळे माणूस बरा होऊन घरी येतो आणि दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत केव्हाही पुन्हा बिघडू शकतो.

मामी: बेटा, निखाऱ्यांना धूर नव्हता, वासही नव्हता, म्हणूनच थंडीपायी शेगडी आत घेतली. आज बारावा दिवस. काल सायंकाळी हे गोठ्यात बैल बांधायला गेले आणि दावे हातात धरून तसेच उभे राहिले. विचारले तर म्हणाले, गाठ कशी मारायची ते आठवत नाही. मला वाटले, अशक्तपणा असेल.

ताई: मामी, चाळीस वर्षे रोज मारलेली गाठ अशक्तपणाने विसरत नाही. चालताना पाय ओढतात का, लघवीवरचा ताबा सुटतो का, उगीच चिडतात का, तेही बघून ठेवा. उद्याच नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या; एमआरआय करायला सांगतील. शेगडीची रात्र सर्वांत आधी सांगा, नाहीतर वयाचा विसराळूपणा समजला जाईल. आणि तुम्हीही त्याच खोलीत झोपला होतात, तेव्हा तुमचीही तपासणी करून घ्यावी लागेल.

भाऊ: सकाळी सहाला गाडी दारात उभी करतो. मामी, दोघांचेही दवाखान्याचे कागद काढून ठेवा.