मलाक्कातलं काळ्या बियांचं चिकन पुण्यात जमेल का?

तुरडाळ:
मलेशिया फिरून आलो. मलाक्कात एका न्योन्या (चिनी-मलय मिश्र स्वयंपाकाच्या) खाणावळीत चिकनचा काळपट, आंबटसर रस्सा खाल्ला. त्यात मोठ्या काळ्या कडक बिया, तोंडाशी फोडलेल्या. आतला गर बारक्या चमच्याने कोरून भातात कालवायचा. कडवट, जरा मातकट, पण हात थांबेना! 'अयाम बुआ कलुआक' असं नाव लिहून आणलंय. नवऱ्याच्या वाढदिवसाला करायचं मनात आहे. बी इकडे मिळेल का? नाहीच मिळाली तर काय घालू? एका मैत्रिणीने काळे तीळ सुचवलेत.

पायरीचा_आंबा:
काळे तीळ नको गं. रस्सा काळा होईल, पण चव तिळाचीच येईल. या बीला पर्याय नाही.

झाडावरची ताजी बी विषारी असते, तिच्यातून सायनाइड तयार होतं. म्हणून आधी उकडतात, मग राख, केळीची पानं आणि माती यांत ४० दिवस पुरून ठेवतात. तेव्हा कुठे आतला गर काळा होतो. इथे सिंगापूरला गेलांग सराईच्या बाजारात तयार बिया मिळतात. त्याही घरी आणून काही दिवस भिजत ठेवायच्या, रोज पाणी बदलायचं, ब्रशने घासायच्या. फोडल्यावर प्रत्येक बी हुंगायची, कारण एक नासकी निघाली की अख्खं पातेलं वाया. ऑनलाइन कुणी कच्ची बी विकत असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

मी कातोंगला राहते. शेजारच्या पेरानाकन (इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिन्यांच्या वंशातल्या) आंटींकडून मी हा स्वयंपाक शिकले. त्यांचं सगळं अंदाजपंचे, पण एका गोष्टीत तडजोड नाही: रम्पा, म्हणजे वाटण. दगडी खलात आधी चिवट जिन्नस, म्हणजे गवती चहा, गलांगल (आल्यासारखा कंद), ओली हळद. मग कँडलनट (एक तेलकट बी), भिजवलेल्या मिरच्या, छोटे कांदे आणि शेवटी बेलाचान (आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा). गवती चहाची पाती नाही, बुडखा घ्यायचा, खालचा पांढरा कोवळा भाग. आपण चहात पाती टाकतो आणि बुडखा फेकतो!

मिक्सर चालेल, पण पाण्याऐवजी तेल घालून फिरव. पाणी घातलं की वाटण कढईत आधी शिजत बसतं, परतलं जातच नाही. मंद आचेवर रंग गडद होऊन कडेने तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं, २० मिनिटं तरी धर. लोक दहाव्या मिनिटाला कंटाळून चिंचेचा कोळ ओततात आणि मग 'रेस्टॉरंटसारखं झालं नाही' म्हणतात. जुन्या काळी होणारी सासू खलबत्त्याचा आवाज ऐकून मुलगी पारखायची, असं आंटी सांगतात. (माझं लग्न मोडलंच असतं.)

त्या बीच्या नादी लागण्यापेक्षा वाढदिवसाला अयाम पोंगतेह कर. तेही मलाक्काचंच, आणि तिखट अजिबात नाही. १ किलो हाडासकट चिकन. १५ सांबार कांदे आणि ८-१० लसूण पाकळ्या वाटून तेलात चांगलं लालसर परतायचं. त्यात २ मोठे चमचे ताउच्यो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारी चटणी. थाई सामानाच्या दुकानात 'यलो बीन सॉस' मिळतो तो चालेल. मग चिकन, चमचाभर डार्क सोया, भिजवलेली शिताके अळंबी त्यांच्या पाण्यासकट, बटाटे आणि २ चमचे गुला मलाका, म्हणजे इकडचा माडाचा गूळ. झाकण ठेवून मंद शिजव. मीठ शेवटी चाखूनच, ताउच्यो भलताच खारट असतो.

तिरफळ:
गुला मलाकाच्या जागी गोव्याचा माडाचा गूळ घ्या, दोन्ही माडाच्याच रसाचे. बेलाचानसाठी जवळा भाजून कुटला तर चालेल का? पेनांगला खाल्लेला लाक्सा (शेवयांचा रस्सा) तर बांगड्याचा आणि चिंचेचा होता, नारळाचं नाव नाही! अगदी घरचा वाटला.

पायरीचा_आंबा:
गुळाला +१. बेलाचानही जवळ्यासारख्याच बारीक कोळंबीचं, पण मीठ घालून आंबवून वाळवलेलं. भाजक्या जवळ्याने वास येईल, तो आंबूस ठसका नाही येणार. अगदीच नसेल तर चालवून घ्यायचं.
पेनांगचा हात आंबट, थायलंड जवळ ना! आमच्या कातोंगचा लाक्सा नारळाच्या दुधातला, शेवया तोडून घातलेल्या, नुसत्या चमच्याने खायचा. मला पेनांगचाच जास्त आवडतो, पण हे इथे मोठ्याने बोलत नाही.

वरणफळ:
आम्ही शाकाहारी काय करावं?

पायरीचा_आंबा:
चाप चाय करा: कोबी, काळी अळंबी, सोयाची वाळकी साय, मुगाच्या पारदर्शक शेवया, लसूण, ताउच्यो. मूळ पदार्थात बहुधा सुकी कोळंबी असते, ती गाळा. गोडाला ओंदे-ओंदे. चिकट तांदळाची पिठी पांदानच्या रसात मळायची, आत गुळाचा खडा, गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की ओल्या खोबऱ्यात घोळवायचे. कोकणात भातात वासाला टाकतात ते आंबेमोहोराचं पान म्हणजेच पांदान. गोळा अख्खा तोंडात टाका, अर्धा चावलात तर पाक शर्टावर.

तुरडाळ:
यलो बीन सॉस मागवला! पोंगतेहचे बटाटे आधी तळायचे की थेट घालायचे?

पायरीचा_आंबा:
तळून, आणि चिकन निम्मं शिजल्यावर घाल. आदल्या दिवशीच कर, मुरलं की जास्त छान लागतं.