पहिला भाग भारी की दुसरा?

'रात्रीस खेळ चाले' या गूढ मराठी मालिकेचा दुसरा भाग (म्हणजे दुसरं पर्व) पहिल्याहून फिका, हे काहींचं मत मला पटलं नाही. २०१६च्या भागात नाईकांच्या घरातले कर्ते अण्णा सुरुवातीलाच वारतात, म्हणून 'हे कोण करतंय' यावर ताण टिकतो. २०१९चा भाग त्याच्याही आधीच्या काळातला; शेवट ठाऊक असतो, त्यामुळे सगळा भार पात्रांवर येतो. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता तो पेलतात. नाईकांचा वाडा म्हणून दिसणारा कोकणातल्या आकेरीचा वाडा दोन्हीकडे तोच, पण दुसऱ्यात तो राहता वाटतो.

'काळोखात काय दिसतच नाय' ही तक्रार मात्र निम्मी टीव्हीची. आधी वीजबचत मोड बंद करा. तो पडदाच मंद करतो. मग पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणा. तरी माजघरातल्या सावल्या डांबरासारख्या राहिल्या तर ब्राइटनेस थोडा वाढवा. काळं राखाडी दिसू लागलं की एक घर मागे. बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) वाढवून उपयोग नाही, सावलीतला तपशील त्याने परत येत नाही. मोबाइलवर डेटा सेव्हर चालू असेल तर अंधारात चौकटी पडणारच. आणि पावसाळ्यात डिशवर चित्र फुटलं, तर तो दोष ढगांचा! छायाचित्रकाराला कशाला बोल लावताय?