अंगणवाडीत नोंद 41, चटईवर 9. बाकीची लेकरं कुठं?

वावरकर: केळापूर तालुक्यात आमचं गाव. परवा भाचीला सोडायला अंगणवाडीत गेलो. भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, एकूण लाभार्थी 41. चटईवर मोजली तर 9 लेकरं, त्यातली 6 पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. कास्तकारांची पोरं सकाळीच गाडीत कोंबून कॉन्व्हेंटला गेलेली. मग 41 जणांचा आहार जातो कुठं? असली अंगणवाडी बाजूच्या गावाला जोडून टाका, असं माझं मत.

ताईची पोर: दादा, आधी हिशेब समजून घ्या. माझी आई सेविका आहे. त्या 41 मध्ये तीन वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया, स्तनदा माताही येतात. त्यांना शिधा घरी मिळतो, चटईवर बसायचंच नसतं. बसतात ती 3 ते 6 ची. ती किती, विचारलं? अन् सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. माय वावरात, तर लेकरूही धुऱ्यावर. दुसरं म्हणजे अंगणवाडी पटावर नाही, लोकसंख्येवर ठरते. आदिवासी भागात 300 लोकसंख्येपासून एक.

वावरकर: चुकलं माझं. आज विचारून आलो, 3 ते 6 ची 17. तरी 8 कमीच ना?

कॉन्व्हेंटवाला बाप: त्यातला एक माझा. लपवू काऊन? ताई एकटी वजनं घेणार, मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरणार, गावभर सर्वे करणार, शिकवणार कधी? म्हणून पैसे मोजून पांढरकवड्याला धाडतो.

पोडावरून: आमच्या घरात कोलामी बोली. गावातली पोरं सोबत होती तेव्हा खेळता खेळता मराठी कानावर पडे. तुम्ही तुमची नेली, आमची आमच्यातच राहिली. पहिलीत गुरुजी मराठीत नाव विचारतात अन् पोरगं खाली मान घालून पाटीच पुसत बसतं. अन् जोडायचं म्हणता त्या गावाच्या वाटेत नाला आहे. पावसाळ्यात चार वर्षांचं लेकरू कोण नेईल?

कॉन्व्हेंटवाला बाप: तुमच्या पोराला मराठी शिकवायचा ठेका माझ्या पोरानं घेतला नाही बाप्पा.

ताईची पोर: नका घेऊ. पण नाव तरी काढा. रोज तुमच्या पोराची गैरहजेरी लागते अन् वरून बोलणी आई खाते.

कॉन्व्हेंटवाला बाप: हे खरं. सोमवारी काढतो. मग 16 राहतील. वावरकर भाऊ, तेव्हा परत जोडा म्हणत येऊ नका.

वावरकर: नाल्यावर पूल झाला की येतो.