मदत हवी आहे: नेटशिवाय मोबाइलवर चालणारं 'हलतं' पाठ्यपुस्तक कसं करू?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवते. प्रोग्रामिंग हा माझा विषय नव्हे, पायथन कामापुरतं येतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ज्युपिटर बुक (मजकूर आणि पायथनचा कोड एकत्र मांडून वेबवरचं पुस्तक करणारं साधन) वापरून बीमच्या, म्हणजे भार पेलणाऱ्या तुळईच्या, दोन प्रकरणांचं डिजिटल पुस्तक केलं. आकृतीखाली स्लायडर, तो सरकवला की आलेख बदलतो. उदाहरण मुद्दाम गावचंच घेतलं: ओहोळावरचा माडाच्या खोडाचा साकव. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४ मीटर, दोन्ही टोकं नुसती टेकलेली, मधोमध ६०० न्यूटनचा माणूस. खोडाचं वजन सोडून दिलं, तर मधला बेंडिंग मोमेंट (खोडाला वाकवणारा परिणाम) भार गुणिले गाळा भागिले ४, म्हणजे ६०० न्यूटन-मीटर. मुलांना आवडलं. सत्तरी तालुक्यातल्या एकाने तर आपल्या घरामागच्या साकवाचा फोटो पाठवला.

पण पहिल्याच तासाला फजिती झाली. बाहेर धो धो पाऊस, वर्गातलं वाय-फाय गेलं आणि समीकरणांच्या जागी नुसते बॅकस्लॅश नि महिरपी कंस दिसायला लागले. "मॅडम, हे परीक्षेला येणार?" असं मागच्या बाकावरून विचारलं गेलं. (समीकरणं मांडणारं मॅथजॅक्स नेटवरून येतं, हे मला तेव्हा कळलं.) पायथन ब्राउझरमध्येच चालावं म्हणून ज्युपिटरलाइट बसवलं होतं. ते पहिल्यांदा उघडताना इतकं काही डाउनलोड करतं की घरी रेंज शोधत अंगणात फिरणाऱ्या मुलांना ते परवडत नाही. लॅपटॉप फार थोड्यांकडे आहेत, बाकी सगळे मोबाइलवर.

दुसरी अडचण मला जास्त छळतेय. आठवडाभर सगळ्यांनी स्लायडर सरकवला. मग मी विचारलं, भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला तर मधलं डिफ्लेक्शन (बीम खाली किती झुकतो ते) किती पट होईल? अर्धा वर्ग म्हणाला, दुप्पट. दोघे-तिघे म्हणाले, "थोडं वाढेल." उत्तर ८ पट आहे, कारण डिफ्लेक्शन गाळ्याच्या घनावर जातं! फळ्यावर शिकवलं असतं तर एवढं तरी लिहून घेतलं असतं. चवथीच्या सुट्टीआधी पुस्तक दुरुस्त करायचं आहे. कुणी असं काही केलंय का?

प्रतिसाद १
पीडीएफ द्या. मुलं शेवटी तीच मागतात.

प्रतिसाद २
मॅडम, समीकरणांचं सोपं आहे. पॅनडॉकला (फाइलींचं रूप बदलणारा प्रोग्राम) मॅथएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतःच समीकरणं मांडू शकेल अशा रूपात, आउटपुट द्यायला सांगा. क्रोमने जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीपासून, मॅथएमएल पुन्हा घेतलंय. फायरफॉक्स आणि सफारीत ते आधीपासून आहे. मग मॅथजॅक्स लागतच नाही.

साकवासाठी पायथनही नको. दोन सूत्रं आहेत, साध्या जावास्क्रिप्टच्या तीस-चाळीस ओळींत होतील. सगळं एकाच एचटीएमएल फाइलीत घाला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत मॉड्यूल म्हणून मात्र ठेवू नका. फाइल थेट फोनमधून उघडली की ब्राउझर ती अडवतो. माझे दोन दिवस त्यात गेले होते.

प्रतिसाद ३
आधी एक विचारतो: तुमच्या आलेखाचा उभा अक्ष ठरावीक ठेवलाय, की आपोआप बदलतो?

स्लायडरला कुलूप घाला. आधी विद्यार्थ्याने आपला अंदाज आकड्यात लिहायचा, मगच स्लायडर सुटेल आणि त्याच्या अंदाजाची रेघ खऱ्या रेघेशेजारी दिसेल. गाळा आणि भार रोल नंबरवरून ठरवा, म्हणजे शेजाऱ्याचं उत्तर उतरवून उपयोग नाही. यालाही नेट लागत नाही. फाइलीचा सोर्स उघडून कुणी उत्तर शोधलंच, तर त्याला मी दोन मार्क जास्त देईन.

कॉलेजात मूडल (ऑनलाइन वर्गाची प्रणाली) असेल तर त्यातलं एच५पी, म्हणजे परस्परसंवादी धडे करायचं साधन, बघा, मूडलच्या ॲपमध्ये ते डाउनलोड करून ऑफलाइन चालतं. पण अंदाजाची रेघ काढायला मी हातानेच लिहीन.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पीडीएफवाल्यांचेही, मुलं खरंच तीच मागतात.

प्रतिसाद ३ वाचून आधी अक्ष बघितला. आलेख काढणारं पायथनचं मॅटप्लॉटलिब माझ्या नकळत दर वेळी अक्ष नव्याने बसवत होतं. गाळा ३ मीटर असो वा ६, वक्ररेषा पडद्यावर तेवढीच खोल दिसायची, बदलायचे ते फक्त डावीकडचे बारीक आकडे. आणि मी आठवडाभर मुलांना बोल लावत बसले! "थोडं वाढेल" म्हणणाऱ्या पोरांनी जे दिसलं तेच सांगितलं होतं.

आता अक्ष बांधून टाकलाय. रात्री घरी गाळा ३ वरून ६ वर नेला, तर साकव खाली चौकटीबाहेरच गेला. चौकट मोठी करून, कुलूप घालून एक फाइल तयार केली की इथे टाकते. तुमच्या जुन्यापान्या फोनवर उघडते का, तेवढं बघून सांगा.