ठाण्याच्या प्रत्येक तलावात वेगळा मासा का नाही?

घोडबंदरकर:
मुलगी बारावीला आहे, उत्क्रांतीचा धडा चाललाय. काल जेवताना विचारते, "बेटं तुटलेली म्हणून डार्विनच्या फिंचांच्या चोची वेगळ्या झाल्या ना? मग मासुंदा, उपवन, कचराळी हेही एकमेकांना जोडलेले नाहीत. त्यांच्यात वेगवेगळ्या जाती का नाहीत?" मी बँकेतला माणूस, माझी विकेट पडली. जाणकारांनी मदत करावी.

नौपाडा_नाका:
वेळच कुठे मिळाला? अशा गोष्टींना लाखो वर्षं लागतात, साहेब. आणि तलावपाळीवर लोक पाव टाकून टाकून मासे आधीच गोल करतात 😀

कोपरीचा_टँकवाला:
लाखो वर्षं लागतातच असं नाही. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराला खेटून नाबुगाबो नावाचं छोटं तळं आहे. मध्ये वाळूचा बांध पडून ते मोठ्या सरोवरापासून तुटलं, त्याला जेमतेम चार-पाच हजार वर्षं झाली. तेवढ्यात तिथे माशांच्या सिक्लिड कुळातल्या पाच जाती अशा झाल्या, ज्या व्हिक्टोरियात नाहीत.

मुलीचा प्रश्न झकास आहे. आपले तलाव तुटलेत, पण मासे कुठे तुटलेत? मासुंदा शिलाहारांच्या काळातला म्हणतात. पण गाळ काढा, रोहू-कटल्याचं बीज आणून सोडा, घरच्या टँकचा कंटाळा आला की मासा तलावात टाका, हे चालूच. बाहेरचं रक्त मिसळत राहिलं की जमू लागलेला फरक पुसला जातो. गंमत म्हणजे बाजारात मिळणारा चिलापीही सिक्लिडच. त्याची मोझांबिक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली.

उलट बाजूने पाहायचं तर सलग पाण्यातही मासे तुटू शकतात. माझ्याकडे आफ्रिकेतल्याच मलावी सरोवरातले एम्बुना आहेत, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड. मादी अंडी तोंडात घेते. तीनेक आठवडे गळा फुगलेला, समोर दाणे टाकले तरी ढुंकून बघत नाही. पिल्लं सुटली की थेट जवळच्या दगडाच्या फटीत. मोठी झाली तरी खडक सोडून उघड्या वाळूवरून सहसा लांब जात नाहीत. त्यामुळे मलावीत खडकांचा एकेक पट्टा त्यांच्यापुरता बेटच होतो. काही किलोमीटरवर त्याच जातीच्या नराचा रंग वेगळा दिसतो, आणि माद्या नर निवडताना रंग बघतात.

पण ही भिंत कच्ची असते. टँकमध्ये आपल्या जातीचा जोडीदार नसेल तर पिवळा एम्बुना केशरी 'झेब्रा' या दुसऱ्या जातीच्या एम्बुनाशी जमवतो. पिल्लं धड पिवळी ना धड केशरी, आणि मोठी होऊन तीही वितात. दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून गळ्यात मारतात ती बऱ्याचदा हीच. व्हिक्टोरियातही असंच झालं. सांडपाणी आणि शेतातला गाळ येऊन पाणी गढूळ झालं, माद्यांना रंग नीट दिसेना, जाती एकमेकींत मिसळू लागल्या. ओले सीहाउझेन नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये मांडलं.

घोडबंदरकर:
दादा, फार आभार! तिला वाचून दाखवलं. लगेच पुढचा प्रश्न: फिंच तर उडतात, मग ते का मिसळत नाहीत?

बेलापूर_पक्षीमित्र:
मिसळतात की, कधीकधी. गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दाम्पत्य १९७३ पासून फिंचांवर काम करत होतं. १९८१ मध्ये तिथे शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक नर येऊन पोचला. थोराड, मोठ्या चोचीचा, गाणंही निराळं. त्याने स्थानिक जातीच्या मादीशी जोडी जमवली. पिल्लं बापाचं गाणं शिकली. फिंचांत जोडीदार गाण्यावरून आणि चोचीवरून ठरतो, म्हणून स्थानिक पक्षी त्यांना विचारेनात. पुढे एक-दोन पिढ्यांतच त्या वंशाचे पक्षी फक्त आपसांत जोड्या करू लागले. डीएनए तपासून २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे इथे बाहेरच्या रक्तानेच नवा वंश सुरू केला. टँकवाले, तुमच्या म्हणण्याच्या अगदी उलट!

कोपरीचा_टँकवाला:
उलट कसं? तो एकटा आला आणि त्याच्या मागून एस्पान्योलाहून रांग लागली नाही. शिवाय वेगळ्या गाण्यामुळे त्याची पोरं बाकीच्यांपासून तुटली. मासुंद्यात बीजाची पिशवी पुन्हा पुन्हा रिकामी होते, आणि कटला काही गात नाही.